पावसाळी ताप: आधी दिवस मोजा, मग रक्त द्या

जुलै ते ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात किंवा गोव्यात कुणाला ताप भरला की घरातलं कुणीतरी दुसऱ्याच दिवशी लॅब गाठतं आणि ‘तापाच्या सगळ्या टेस्ट करून टाका’ म्हणतं. दीड-दोन हजारांचा रिपोर्ट येतो, सगळं निगेटिव्ह, घरच्यांना हायसं वाटतं. चौथ्या दिवशी तोच माणूस चक्कर येऊन पडतो.

तपासणी खोटी नसते, दिवस चुकलेला असतो. शरीराला अँटिबॉडी तयार करायला साधारण पाच ते सात दिवस लागतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी केलेली डेंग्यूची आयजीएम (अँटिबॉडी शोधणारी तपासणी), तिसऱ्या दिवशी केलेली लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप) आयजीएम आणि त्याच सुमारास केलेली टायफॉइडची विडाल यांना दाखवायला काही नसतंच. पावसाळी तापात निदानाची निम्मी लढाई ‘आज तापाचा कितवा दिवस?’ या प्रश्नाच्या बरोबर उत्तरात असते.

पहिला दिवस कोणता धरायचा

डॉक्टरकडे गेलात तो दिवस नव्हे. कणकण वाटली, अंग मोडून आलं आणि थर्मामीटरने 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त दाखवलं, तो पहिला दिवस. ताप मोजला नसेल तर हुडहुडी भरली किंवा अंग चांगलंच तापलं ती तारीख धरा. हात लावून ठरवलेला ताप फसवतो. डिजिटल थर्मामीटर कोरड्या काखेत, हात छातीशी घट्ट धरून, ‘बीप’ वाजेपर्यंत ठेवा. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण एक अंश फॅरनहाइट कमी येतो, म्हणून कुठे मोजला तेही लिहा.

वहीचं एक पान घ्या. तारीख, वेळ, ताप, दिलेलं औषध आणि मात्रा, प्यायलेलं पाणी, लघवी कधी झाली. एवढे रकाने पुरेत. लघवीचा रकाना लोक हसण्यावारी नेतात, पण डेंग्यू आणि लेप्टो या दोन्हींत तो प्लेटलेटच्या आकड्याइतकाच बोलका असतो.

खाली गेल्या महिनाभराची हकीकत टिपा. साचलेल्या पाण्यातून चालणं झालं का, पायाला जखम होती का, भातलावणी केली का, गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यात राहणं झालं का, गवत कापलं का, इमारतीच्या बांधकामावर काम केलं का, बाहेरचं पाणी किंवा उसाचा रस प्यायलात का. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. लेप्टोचा संशय बऱ्याचदा तपासणीतून नव्हे, या चार ओळींतून येतो.

अंगावर काय शोधायचं

रुग्णाला उजेडात बसवा आणि डोक्यापासून पायापर्यंत नीट बघा. खालची पापणी ओढा. डोळ्यांचा पांढरा भाग लालभडक आहे, पण चिपडं नाहीत आणि खाजही नाही, असं दिसलं तर लेप्टोचा विचार आधी करा. मग पोटऱ्या हलक्या हाताने दाबा. लेप्टोत पोटरी दाबली की माणूस पाय ओढून घेतो. साध्या अंगदुखीत तसं सहसा होत नाही.

यानंतरची जागा सर्वांत जास्त दुर्लक्षित. काख, जांघ, गुडघ्यामागची घडी, कमरेच्या नाडीची जागा, स्त्रियांमध्ये स्तनाखालचा भाग. तिथे विडीचा चटका बसल्यासारखी, मधे काळी खपली आणि भोवती लालसर कडा असलेली न दुखणारी खूण दिसते का ते पाहा. ही स्क्रब टायफसची खूण. गवतात-झुडपात राहणाऱ्या सूक्ष्म किडीच्या अळीने चावा घेतलेला असतो. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण आपणहून कधीच दाखवत नाही. विदर्भात 2018 च्या पावसाळ्यात या आजाराची साथ आली होती. ही एक खूण सापडली की पुढच्या दहा तपासण्या वाचतात, आणि लाजेपोटी कपडे न काढता तपासलं तर ती हमखास सुटते.

डेंग्यूत डोळ्यांमागे ठणका, चेहरा-छाती लालसर, आणि हाडं मोडल्यासारखी अंगदुखी. चिकुनगुन्यात सांधे सुजतात, रुग्णाला मूठ वळता येत नाही. मलेरियात दात वाजवणारी हुडहुडी, मग ताप, मग घाम फुटून उतार. मात्र ‘एक दिवसाआड’ हा पुस्तकी ठेका पहिल्या आठवड्यात क्वचितच दिसतो, त्याची वाट बघू नका. टायफॉइडचा ताप पायरी-पायरीने चढतो, जिभेवर मधोमध पांढरा थर बसतो, भूक मरते, पोट जड होतं.

कोणत्या दिवशी काय तपासायचं

कोणत्याही तापात पहिल्या दिवसापासून करण्यासारख्या तपासण्या दोनच: मलेरियासाठी रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). मलेरियाचं रक्त ‘थंडी वाजेल तेव्हाच’ घ्यायला हवं हा समज जुना आहे. कोणत्याही वेळी घेतलं तरी चालतं. अट एकच, क्लोरोक्विनची एकही गोळी घेण्याआधी. जाड थेंबाच्या स्मिअरमध्ये जंतू सापडतो, पातळ स्मिअरमध्ये त्याची जात कळते, म्हणून दोन्ही हवेत. पहिला स्मिअर निगेटिव्ह आला आणि ताप राहिलाच, तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, एकूण तीनदा. कार्डवरची झटपट तपासणी आशाताईंकडेही असते आणि खेड्यात ती वरदान आहे. पण फाल्सिपेरमचं (मलेरियाची जास्त धोकादायक जात) कार्ड उपचारानंतरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकतं, तेव्हा ‘बरा झालो का’ हे कार्डवर बघू नका.

डेंग्यूची एनएस-1 (विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी) पहिल्या पाच दिवसांत, आयजीएम पाचव्या दिवसानंतर. पूर्वी कधी डेंग्यू होऊन गेलेल्या माणसात एनएस-1 लवकर मावळते, त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे डेंग्यू नाहीच असं नव्हे. उलट आयजीएम दोन-तीन महिने पॉझिटिव्ह राहते. ऑगस्टमधल्या डेंग्यूची रेघ ऑक्टोबरमधल्या टायफॉइडच्या रिपोर्टवर उमटू शकते. सरकारी यंत्रणा कार्डापेक्षा एलायझा पद्धतीने केलेली तपासणी ग्राह्य धरते, त्याचं कारण तिची अचूकता. आणि एनएस-1 पॉझिटिव्ह आली म्हणून मलेरियाचा स्मिअर टाळू नका. एकाच डबक्याकाठच्या माणसाला दोन्ही एकदम होऊ शकतात.

लेप्टो आणि स्क्रबच्या आयजीएम पहिला आठवडा संपत आल्यावर. तोवर औषध थांबवून ठेवायचं नाही. लक्षणं आणि हकीकत जुळली की डॉक्टर उपचार सुरू करतात, रिपोर्ट मागाहून येतो.

टायफॉइडसाठी खरी तपासणी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखणं. पहिल्या आठवड्यात, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्यापूर्वी. मोठ्या माणसाचं 8 ते 10 मिली रक्त लागतं. दोन-तीन मिलीत भागवलं तर जंतू निसटतात, कारण टायफॉइडमध्ये रक्तातली त्यांची संख्याच फार कमी असते. रिपोर्टला दोन-तीन दिवस किंवा जास्त लागतात, पण कोणतं औषध लागू पडेल तेही त्यातच कळतं.

विडालबद्दल जरा स्पष्ट बोलायला हवं. 1896 सालची ही तपासणी आपल्याकडे आजही ‘टायफॉइड निघाला’ म्हणण्याचा मुख्य आधार आहे. आपल्या भागात टायफॉइड कायमचा मुक्कामाला आहे, त्यामुळे निरोगी माणसाच्या रक्तातही 1:80 चा आकडा सहज दिसतो. जुना संसर्ग, लस, इतर ताप, सगळ्यांमुळे तो वर जातो. एकदाच केलेल्या विडालवर चौदा दिवसांची औषधं सुरू करणं म्हणजे बऱ्याचदा डेंग्यूला टायफॉइडची गोळी देणं असतं. ‘डबल टायफॉइड’ नावाचा आजार तर वैद्यकशास्त्रात नाहीच.

सीबीसी कसा वाचायचा

चार आकडे बघा. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, हिमोग्लोबिन आणि पीसीव्ही, म्हणजे हिमॅटोक्रिट, रक्तातलं पेशींचं प्रमाण. आधी शब्दांचा गुंता सोडवू. आपल्याकडे प्लेटलेट कमी झाल्या की लोक ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ म्हणतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेंग्यूत दोन्ही उतरतात, म्हणून हा गोंधळ रुळला, पण फोनवर डॉक्टरांना सांगताना रिपोर्टवरचा शब्दच वाचा.

पांढऱ्या पेशी 2,800, प्लेटलेट 95,000, आणि पीसीव्ही चढता: डेंग्यूचं चित्र. प्लेटलेट कमी, हिमोग्लोबिन उतरतंय, बिलीरुबिन (काविळीचा आकडा, वेगळ्या तपासणीतला) थोडं वर: मलेरिया शोधा. पांढऱ्या पेशी वाढलेल्या, त्यांतल्या न्यूट्रोफिल जास्त, प्लेटलेट कमी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचा आकडा, तोही वेगळ्या तपासणीतला) चढलेलं: लेप्टो. पांढऱ्या पेशी बेताच्या आणि त्यांतल्या इओसिनोफिल शून्य: टायफॉइडकडे बोट. हे फक्त इशारे आहेत, निदान नव्हे.

अचानक प्लेटलेट 20,000 आल्या आणि माणूस मात्र चालता-बोलता, तर घाबरण्याआधी लॅबला स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. जांभळ्या झाकणाच्या बाटलीतल्या रसायनाने काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र तो सगळा गठ्ठा एकच मोजतं. रोजचा सीबीसी एकाच लॅबमधून करा. वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे ताडून पाहण्यात अर्थ नसतो.

डेंग्यू: ताप उतरला की खरी राखण सुरू

डेंग्यूत धोका ताप चढलेला असताना कमी आणि उतरताना जास्त असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप जातो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमकं तेव्हाच रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरून पोटात-छातीत साचू लागतं. ही अवस्था 24 ते 48 तास टिकते. रक्त घट्ट होतं म्हणून पीसीव्ही चढतो. 38 वरून 46 वर गेला तर ती वीस टक्क्यांहून जास्त वाढ झाली, आणि ती प्लेटलेटच्या आकड्यापेक्षा गंभीर. म्हणून तिसऱ्या दिवसापासून रोज सीबीसी, ताप गेल्यावरही निदान दोन दिवस.

घरी बघायच्या गोष्टी: पोटात सतत आणि जोराची दुखी, थांबत नसलेली उलटी, हिरड्या किंवा नाकातून रक्त, काळी शौच, पाळीत एरवीपेक्षा फार जास्त रक्त, हातपाय गार आणि चिकट, रुग्ण गुंगीत किंवा उगाच चिडचिडा, सहा तासांत लघवी नाही. यातलं एकही दिसलं की सकाळची वाट न बघता रुग्णालय. हाताच्या बोटाचं नख पाच सेकंद दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला नाही तर रक्ताभिसरण मंदावलंय.

पाणी हेच इथलं औषध. मोठ्या माणसाला दिवसाला अडीच ते तीन लिटर, ओआरएस, ताक, पेज, डाळीचं पाणी, शहाळं मिळून. नुसतं पाणीच पाणी पाजू नका, मीठ-साखरही हवी. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. अर्धी पुडी एका पेल्यात घातली की क्षार वाढतात. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. वेष्टनावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख शोधा. उलटी होत असेल तर दर पाच मिनिटांनी दोन-तीन चमचे.

‘एक सलाईन लावा म्हणजे तरतरी येईल’ ही मागणी मात्र सोडा. तोंडाने पिऊ शकणाऱ्याला सलाईनची गरज नसते. पाझरलेलं पाणी बरं होताना रक्तात परत येतं. वर जादा सलाईन चढवलेलं असेल तर ते फुफ्फुसात साठतं आणि दम लागतो. प्लेटलेटच्या पिशव्यांचंही तेच. रक्तस्राव नसेल तर साधारण 10,000 च्या वर पिशवी चढवायची गरज सहसा पडत नाही. पपईच्या पानांचा रस हा उपाय नव्हे. कडू रसाने उलटी झाली तर मिळवलेलं पाणी उलट जातं. प्लेटलेट सातव्या-आठव्या दिवशी आपणच चढतात, आणि श्रेय रसाला मिळतं.

मलेरिया: चौदावी गोळीसुद्धा

व्हायवॅक्स (मलेरियाची दुसरी जात) मलेरियाला क्लोरोक्विन तीन दिवस: वजनाच्या प्रत्येक किलोमागे 10, 10 आणि 5 मिलिग्रॅम. मोठ्यांना पहिले दोन दिवस चार-चार, तिसऱ्या दिवशी दोन गोळ्या. इथे एक फसवा आकडा आहे: पाकिटावर 250 मिग्रॅ छापलेलं असतं, त्यात प्रत्यक्ष औषध 150 मिग्रॅ असतं आणि वरचा हिशेब त्या 150 चा आहे. 500 ची गोळी दिली गेली तर संख्या निम्मी होते. उपाशीपोटी घेतली की उलटी होते. घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर मात्रा पुन्हा द्यावी लागते.

त्यानंतर प्रायमाक्विन, मोठ्यांना रोज 15 मिग्रॅ, पूर्ण चौदा दिवस. ‘मला दर पावसाळ्यात मलेरिया होतो’ म्हणणाऱ्यांची खरी गोष्ट बहुधा इथेच असते. ताप तीन दिवसांत जातो, गोळ्या डब्यात राहतात, यकृतात झोपलेला जंतू काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उठतो. नवा डास चावायचीही गरज लागत नाही. सुरू करण्याआधी जी-6-पीडीची (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) तपासणी करून घ्या. ही कमतरता असलेल्यांमध्ये, आणि पारशी समाजात ती जास्त आढळते, हे औषध तांबड्या पेशी फोडतं. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली की गोळी तिथेच थांबवा. गरोदर स्त्री आणि वर्षाच्या आतल्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत.

फाल्सिपेरमला क्लोरोक्विन चालत नाही. त्याला आर्टेसुनेटसोबतचं जोड औषध तीन दिवस, आणि दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनची एकच मात्रा. झटके, असंबद्ध बोलणं, कावीळ दिसली तर गोळ्यांचा वेळ संपला, शिरेतून आर्टेसुनेट लागतं.

लेप्टो आणि स्क्रब

दोन्हींवर डॉक्सिसायक्लिन 100 मिग्रॅ दिवसातून दोनदा, साधारण सात दिवस. स्क्रबमध्ये ताप 48 तासांत उतरतो. नाहीच उतरला तर निदान पुन्हा तपासा. लेप्टोत लघवी कमी झाली, डोळे पिवळे झाले किंवा खोकल्यातून रक्त आलं तर घरी ठेवू नका; मूत्रपिंड आणि फुफ्फुसं एकदम बसतात. ही गोळी पूर्ण पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना कोणतं औषध, हे डॉक्टरच ठरवतील.

26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली, तेव्हापासून पाण्यातून चालून आलेल्यांना प्रतिबंधक गोळी द्यायची पद्धत रुजली. एकदाच पाण्यातून गेलेल्या मोठ्या माणसाला 72 तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन 200 मिग्रॅ एकदा. कोकणातल्या भातशेतीत रोज पाण्यात उभं राहणाऱ्यांसाठी वेगळा हिशेब असतो, तो आरोग्य केंद्रात विचारा.

टायफॉइड: औषध बरोबर, तरी ताप

योग्य अँटिबायोटिक सुरू केल्यावरही टायफॉइडचा ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी ताप दिसला म्हणून डॉक्टर बदलणं आणि नव्या डॉक्टरांनी औषध बदलणं, ही या आजारातली सर्वांत महाग चूक. जुन्यांनी याला ‘मुदतीचा ताप’ म्हटलं ते उगीच नाही. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोट एकदम कडक झालं किंवा शौचातून रक्त आलं, तर आतडं फाटल्याची शंका धरून शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठा. मऊ भात, खिमट, वरण सगळं चालतं, उपास नको. रुग्णाने बरं होईपर्यंत घरचा स्वयंपाक करू नये.

ताप उतरवताना

आजार कोणता ते ठरेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे 10 ते 15 मिग्रॅ, सहा तासांच्या अंतराने, दिवसातून चारच वेळा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन, मेफेनॅमिक अॅसिड, नायमेसुलाइड, आणि यांपैकी काही मिसळलेली ‘जोड’ सिरप, सगळी बाजूला ठेवा. डेंग्यूत ती रक्तस्राव वाढवू शकतात.

मुलांच्या सिरपमध्ये चूक ठरलेली. 12 किलोच्या मुलाला जास्तीत जास्त 180 मिग्रॅ द्यायचे. 5 मिलीत 125 मिग्रॅ असलेल्या बाटलीतून ते सुमारे 7 मिली होतात, 250 वाल्यातून साडेतीन, आणि 1 मिलीत 100 मिग्रॅ असलेल्या थेंबांच्या बाटलीतून दोन मिलीपेक्षाही कमी. बाटली बदलली आणि ‘एक झाकण’ तेच राहिलं की मात्रा दुप्पट ते चौपट होऊ शकते. घरातला चमचा नको, सोबतची मापाची सिरिंज वापरा. कोमट पाण्याने अंग पुसा, बर्फ नको, घोंगडी नको.

तीन महिन्यांखालचं बाळ, गरोदर स्त्री, मूत्रपिंड किंवा हृदयाचा रुग्ण, यांचा ताप पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे. बाकीच्यांनी तिसऱ्या दिवसापर्यंत ताप राहिला तर जावं, आणि श्वास लागणं, झटका, मान ताठ होणं, गुंगी, कावीळ यांतलं काही दिसलं तर दिवस मोजत बसू नये. निघताना वहीचं ते पान, आधीचे सगळे रिपोर्ट आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत टाका. ‘पांढरी गोळी दिली होती, नाव आठवत नाही’ या वाक्याने तपासणाऱ्याचा बराच वेळ जातो.